आजोबा झाल्यावर माणूस मऊ का होतो?

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. म्हशीची धार समोरच काढली जाते, फेसाळलेला पेला सत्तरीच्या एका गृहस्थांच्या हातात येतो आणि ते तो स्वतः तोंडाला लावण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या पाच-सहा वर्षांच्या नातवापुढे धरतात. नातवाच्या ओठांवर आलेली फेसाची मिशी रुमालाने पुसतात आणि "अजून एक घोट घे की" म्हणून त्याची मनधरणी करतात. मागे दुचाकीवर बसलेला मुलाचा बाप हे पाहत असतो. त्याच्या मनात काय चालले असेल हे मला ठाऊक आहे, कारण माझे वडील माझ्या मुलीला दूध पाजत असताना मीही तिथे तसाच उभा राहिलो आहे आणि याच हातांनी मला कधी असे दूध पाजले होते का, हे आठवण्याचा प्रयत्न केला आहे.

घरोघरी हाच अनुभव सांगितला जातो. ज्या वडिलांच्या चपलांचा आवाज उंबऱ्याशी आला की मुले घाईने पुस्तक उघडून बसत, तेच वडील आता नातवाचा घोडा होऊन सोप्यातून फिरतात. ज्यांनी शाळेच्या सहलीचे पैसे मागितल्यावर दोन दिवस उत्तर दिले नव्हते, ते नातीच्या एका शब्दावर रंकाळ्यावर भेळ खायला निघतात. याचे कारण विचारले तर आपण दोन म्हणी पुढे करतो: मुलगा हे दूध आणि नातवंड ही दुधावरची साय, किंवा मुद्दलापेक्षा व्याज प्यारे. दोन्ही खऱ्या आहेत, पण जे घडते त्याचे त्या वर्णन करतात, ते का घडते हे सांगत नाहीत. वय झाले की माणूस मऊ होतो, हे तिसरे उत्तरही पुरेसे नाही, कारण हेच मऊ झालेले गृहस्थ पंचेचाळीस वर्षांच्या आपल्या मुलाशी अजूनही पूर्वीसारखेच तुटक बोलतात. मऊपणा केवळ वयाने आला असता तर तो मुलाच्याही वाट्याला आला असता. मानववंशशास्त्र, मानसशास्त्र आणि लोकसंख्येचा अभ्यास या तिन्हींनी या प्रश्नाकडे आपापल्या बाजूने पाहिले आहे. त्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवले की मला असे दिसते, की माणूस बहुतांशी तोच राहतो. घरातली त्याची जागा बदलते, आणि जागा बदलली की आधी जे करता येत नव्हते ते त्याला करता येऊ लागते.

ही जागा म्हणजे काय, हे समजण्यासाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे लागते. त्या घरात तरुण बापाने स्वतःच्या मुलाला वडीलधाऱ्यांसमोर उचलून घेणे, त्याचा मुका घेणे, त्याला खांद्यावर बसवून पेठेत फिरवणे हे लाजिरवाणे मानले जाई. पोराचे लाड करायला आजोबा होते, चुलते होते, आत्या होत्या. बापाने मात्र दुरूनच पाहायचे. मूल रडत असले तरी वडील सोप्यात बसलेले असताना त्याला जवळ घ्यायचे नाही, असा तो दंडक होता. रात्री मूल झोपल्यावर त्याच्या अंगावर पांघरूण सारखे करणारे बाप त्या पिढीत पुष्कळ होते, पण मुलाला ते कळण्याचा मार्ग नव्हता, कारण तेव्हा मूल झोपलेले असे. हा संकोच बापाच्या स्वभावाचा भाग नव्हता. घरात त्याच्यापेक्षा मोठे कोणीतरी बसलेले होते आणि त्या नजरेपुढे आपली माया उघड करणे त्याला शोभत नव्हते.

तोच माणूस साठीत पोचतो तेव्हा सोप्यातली ती बैठक त्याची स्वतःची झालेली असते. आता त्याच्यावर नजर ठेवणारे घरात कोणी उरलेले नसते. जी माया दाखवायला तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मुभा नव्हती, ती दाखवायला आता मुभा मिळते, आणि समोर मूल असते ते नातवंड असते. म्हणून आजोबांचा लाड पाहून मुलाच्या मनात जी किंचितशी खंत उमटते ती चुकीची नाही, पण ती अर्धी माहिती घेऊन उमटलेली असते. त्या काळी आजोबांनी आपल्यालाही घेतले होते. ते मात्र वडिलांचे वडील होते.

मानववंशशास्त्रज्ञांनी याच गोष्टीची मांडणी जगभरच्या समाजांवरून केली आहे. ब्रिटिश अभ्यासक ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० च्या सुमारास असे दाखवून दिले, की अनेक समाजांत शेजारच्या पिढ्यांमध्ये अंतर असते आणि एक पिढी सोडून पुढच्या पिढीशी सलगी असते. त्यामागचा विचार साधा आहे. मुलाला वळण लावण्याची जबाबदारी आई-वडिलांवर असते; जबाबदारीबरोबर हुकूम येतो आणि हुकमाबरोबर ताण येतो. आजोबांवर ती जबाबदारी नसते. शिवाय नातवाचा ज्याच्याशी रोजचा ताण आहे, त्याच माणसाशी आजोबांचाही जुना ताण असतो, आणि दोघांना ही गोष्ट न बोलता कळते. गृहपाठ झाला नाही म्हणून बाप रागावला की मूल आजोबांच्या मागे जाऊन उभे राहते आणि आजोबा "राहू दे, लहान आहे" म्हणतात, तेव्हा हा सगळा सिद्धांत आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी घडत असतो.

डोरियन ॲपल या अभ्यासिकेने १९५६ मध्ये या मांडणीत एक महत्त्वाची दुरुस्ती केली, आणि मला ती मूळ मांडणीपेक्षाही मोलाची वाटते. वेगवेगळ्या समाजांच्या नोंदी तपासून तिने सांगितले, की आजी-आजोबा आणि नातवंडांचे नाते सगळीकडे मोकळे नसते. जिथे घराची सत्ता आणि पैशाचा व्यवहार आजोबांच्याच हातात राहतो, तिथे नातवंडेही त्यांना बिचकून असतात. जिथे ती सत्ता त्यांच्याकडून निघून गेलेली असते, तिथे नाते गोड होते. आपल्या जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात हे सहज पडताळून पाहता येते. सातबारा आजोबांच्या नावावर, कारखान्याचे बिल आजोबांच्या खात्यावर, आणि मोटारसायकल घ्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचे, अशा घरात विशीतला नातू आजोबांशी जेवढ्यास तेवढे बोलतो. त्याच गावात, जिथे आजोबांनी कारभार मुलाकडे सोपवला आहे आणि ते सकाळी म्हशींमागे आणि संध्याकाळी पारावर असतात, तिथे नातू त्यांच्या खाटेवर जाऊन झोपतो. दोन्ही आजोबांची वये सारखी असतात आणि अनेकदा स्वभावही सारखेच असतात.

मिळकतीचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज इथेच दूर करणे बरे. आजोबांच्या प्रत्येक मिळकतीत नातवाचा जन्मापासून हक्क असतो, असे पुष्कळांना वाटते आणि त्यातून या नात्यात विनाकारण कडूपणा येतो. हिंदू कुटुंबांपुरते बोलायचे, तर आजोबांनी स्वकष्टाने मिळवलेल्या मालमत्तेत ते हयात असताना नातवाला असा हक्क नसतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ती त्यांच्या मुला-मुलींकडे त्यांची स्वतःची म्हणून जाते. जन्माने येणारा हक्क खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित, न वाटलेल्या एकत्र मालमत्तेपुरता असतो.

नावांच्या बाबतीत मात्र नातवाचा आजोबांवर हक्क आपण फार पूर्वीपासून मानत आलो आहोत. आजोबा वारल्यानंतर जन्मलेल्या नातवाला त्यांचेच नाव ठेवायची चाल अनेक मराठी घरांत होती. शिवछत्रपतींच्या मृत्यूनंतर, १६८२ मध्ये जन्मलेल्या संभाजीराजांच्या मुलाचे मूळ नाव शिवाजीच होते, तोच पुढे शाहू म्हणून ओळखला गेला. आणि राजाराम महाराज व ताराबाई यांच्या मुलाचे नावही शिवाजीच, जो पुढे करवीरच्या गादीवर बसला. दोन भावांनी आपापल्या मुलाला एकाच आजोबांचे नाव दिले. साध्या घरांत या चालीतून एक गोड अडचण उभी राही. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मग त्याच नावाच्या स्वतःच्या मुलाला हाक कशी मारायची? म्हणून त्या मुलाला आबा, अप्पा, तात्या, दादा अशी वडीलधारी हाक मिळे, आणि तीन वर्षांच्या पोराला सगळे घर आदराने बोलावू लागे. आजच्या कोल्हापुरात ज्या अनेक आबा-तात्यांना त्यांचे खरे नाव विचारावे लागते, त्यांच्यापैकी काहींचे खरे नाव आजोबांचेच असते आणि ते असे हाकेमागे झाकलेले असते.

आता रक्ताच्या नात्याकडे वळू, कारण "अगदी आज्ज्यावर गेलाय" हे वाक्य बारशापासून ऐकू येते. प्रत्येक मुलाची निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात, त्यामुळे एका आजोबांकडून आलेला वाटा सरासरी एक चतुर्थांश पडतो. तो बरोबर २५ टक्केच असतो असे नाही; जनुकांची पिसणी प्रत्येक वेळी वेगळी होत असल्याने एखाद्या नातवात तो थोडा जास्त, एखाद्यात थोडा कमी उतरतो. वडिलांचे वडील आपले वाय गुणसूत्र मुलामार्फत नातवाला जवळजवळ जसेच्या तसे देतात, पण त्यांचे एक्स गुणसूत्र मुलाच्या मुलांपर्यंत पोचतच नाही, कारण मुलाला ते आईकडून मिळालेले असते. आईच्या वडिलांचे नेमके उलट असते: त्यांचे एक्स मुलीत जाते आणि तिच्यामार्फत त्याचे अंश नातवंडांत उतरतात. चेहरेपट्टी अनेक जनुकांनी मिळून ठरत असल्याने ती कोणत्याही बाजूने येऊ शकते. या चतुर्थांशाने माया आपोआप ठरत नाही, हे दत्तक मूल घेतलेल्या घरांतली नाती पाहिली की कळते.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांना मात्र आजोबांनी बराच काळ कोड्यात टाकले आहे. आजीचे कोडे त्यांनी बऱ्यापैकी सोडवले. टांझानियातील हड्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रिया जमिनीतले कंद खणून नातवंडांना जगवतात, आणि त्यामुळे त्यांच्या मुलींना पुढचे मूल लवकर होऊ देणे शक्य होते. फिनलंड आणि कॅनडातील जुन्या चर्चच्या नोंदवह्यांवर आधारलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीनंतर जगलेल्या प्रत्येक दहा वर्षांमागे स्त्रीला सरासरी दोन नातवंडे अधिक लाभल्याचे आढळले. त्याच गटाने २००७ मध्ये फिनलंडमधल्या आजोबांचा हिशेब मांडला, तेव्हा मात्र त्यांच्या दीर्घायुष्याचा नातवंडांच्या संख्येवर असा लाभ दिसला नाही.

हे वाचून आजोबांचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चर्चच्या वहीत जन्म, लग्न आणि मृत्यू एवढेच लिहिले जाते. कमरेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून नातीला विहिरीत पोहायला कोणी शिकवले, पावसाचा अंदाज ढगांवरून कसा घ्यायचा हे कोणी सांगितले, शाळेला जायची भीती कोणाच्या हाताला धरून गेली, याचा रकाना त्या वहीत नसतो. मूल जगण्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे जे लागते ते बहुतेक समाजांत आजीच्या हातून होते; आजोबांची पाळी थोडी नंतर येते, मूल चालू-बोलू लागल्यावर.

आईचे वडील आणि वडिलांचे वडील यांच्यातला फरकही इथेच सांगितला पाहिजे. जर्मनीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना विचारण्यात आले, की तुमच्या वयाच्या सातव्या वर्षापर्यंत चौघा आजी-आजोबांपैकी कोणी तुमची किती काळजी घेतली. उत्तरांचा क्रम असा लागला: आईची आई, आईचे वडील, वडिलांची आई आणि सर्वांत शेवटी वडिलांचे वडील. ग्रामीण ग्रीसमध्ये मात्र, जिथे सून सासरच्या घरी राहायला येते, वडिलांकडचे आजी-आजोबा पुढे असल्याचे दिसले. आपली घरे ग्रीसच्या त्या खेड्यांना जवळची आहेत. नातवंड वाढते वडिलांच्या वडिलांजवळ. मे महिन्याची सुटी लागली की ते आजोळी जाते. आजोळच्या आजोबांना तर कसलाच अधिकार नसतो. त्या मुलाचे आडनाव त्यांचे नसते, त्याच्या शाळेचा, लग्नाचा, मिळकतीचा निर्णय त्यांनी घ्यायचा नसतो, आणि चार आठवड्यांनी त्याला परत पाठवायचे हे ठरलेले असते. ॲपलबाईंचे म्हणणे खरे असेल तर सर्वांत निर्मळ लाड इथेच व्हायला हवा, आणि आजोळ या शब्दाला मराठीत जो ओलावा आहे तो पाहता तसा तो होतो असे मला वाटते.

अधिकार गेला म्हणून नाते आपोआप जुळत नाही. ते जुळायला दोघांमध्ये काहीतरी तिसरे लागते. मूल साधारण नऊ ते बारा महिन्यांचे होते तेव्हा त्याच्यात एक मोठा बदल होतो: समोरचा माणूस जिकडे पाहतो किंवा बोट दाखवतो तिकडे ते पाहू लागते आणि पाहून झाल्यावर पुन्हा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. दोघे मिळून एका गोष्टीकडे पाहण्याची ही क्षमता भाषा शिकण्याच्या मुळाशी आहे, असे मायकेल टोमासेलो यांच्यासारखे अभ्यासक सांगतात. "ती बघ म्हैस, तो बघ काऊ" एवढ्यावर तासन् तास काढणारे आजोबा नेमके हेच करत असतात. पुरुषांना, विशेषतः त्या पिढीतल्या पुरुषांना, समोरासमोर बसून मनातले बोलणे अवघड जाते. शेजारी शेजारी उभे राहून एखाद्या गोष्टीकडे पाहत त्यांना सगळे बोलता येते.

कोल्हापुराने अशा पाहण्यासारख्या गोष्टी भरपूर दिल्या आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये तयार झालेल्या खासबाग मैदानाची रचना अशी आहे, की आखाडा खाली आणि प्रेक्षक भोवतीच्या उतारावर, त्यामुळे मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. तिथे आजोबांच्या मांडीवर बसून पहिली कुस्ती पाहिलेले कितीतरी जण या शहरात भेटतात. आजोबा डाव ओळखतात, नातू विचारतो, "हे काय केलं त्यानं?", आणि ढाक, धोबीपछाड, कलाजंग हे शब्द त्याच्या कानांवर पहिल्यांदा त्या आवाजात पडतात. फुटबॉलचेही तसेच आहे. पेठांच्या आणि तालमींच्या संघांवरची निष्ठा इथे कोणी विचार करून निवडत नाही. आजोबा शाहू स्टेडियमवर ज्या संघासाठी ओरडले त्याच संघासाठी नातू ओरडतो, आणि आता नातही.

दोघांमध्ये लागणारी अशी आणखी एक तिसरी गोष्ट म्हणजे आठवणी. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली: तुझे आजी-आजोबा कुठे वाढले, तुझे आई-वडील कुठे भेटले, घरावर कोणते मोठे संकट आले होते, अशा प्रकारचे ते प्रश्न होते. ज्या मुलांना घराचा इतिहास अधिक ठाऊक होता, त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक असल्याचे त्यांना आढळले. गोष्टी पाठ केल्या की आत्मविश्वास येतो, असा याचा सरळ अर्थ लावू नये. ज्या घरात अशा गोष्टी सांगितल्या जातात त्या घरात मुलांसाठी वेळ असतो, हेही त्यामागे असू शकते. कोल्हापूरच्या घरांत अशा गोष्टींचा एक हक्काचा विषय म्हणजे पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असते, पण ४३ फुटांचा अर्थ आजोबा सांगतात: १९८९ ला पाणी या पायरीपर्यंत होते, २००५ ला त्या दुकानाच्या फळीपर्यंत, २०१९ ला मात्र आम्ही कधी पाहिले नव्हते एवढे. भिंतीवरच्या खुणेवर बोट ठेवून सांगितलेला आकडा मूल विसरत नाही.

आजोबा तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात, अशी मधल्या पिढीची नेहमीची तक्रार असते. तिला मानसशास्त्रात उत्तर आहे. वयस्क माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणापेक्षा फार जास्त येतात, कारण पहिली नोकरी, पहिले शहर, लग्न, मैत्री असे सगळे पहिलेवहिले त्याच काळात घडलेले असते. म्हणून आजोबा पुन्हा पुन्हा त्याच वीस वर्षांत जातात. आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट शंभर वेळा ऐकायची असते, कारण पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असण्यात त्याला सुरक्षित वाटते. एक शब्द बदलला तरी ते थांबवून दुरुस्त करते. घरातल्या दोनच माणसांना एकच गोष्ट पुन्हा हवी असते, आणि ती दोघे एकमेकांना सापडलेली असतात. मधे पडून "हे सांगून झालंय की" असे म्हणू नये.

असा सहवास पूर्वी फार थोड्यांना मिळत असे, हेही लक्षात घेतले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते; आज ते ७० च्या घरात आहे. ३२ म्हणजे त्या काळी सगळे तिशीत मरत असे नव्हे. बालमृत्यू इतके होते की सरासरी खाली ओढली जाई. पण साठी पाहणारे पुरुष आजच्या मानाने कमीच होते, आणि पुरुष बायकोपेक्षा वयाने मोठा असल्याने आजी असलेली घरे आजोबा असलेल्या घरांपेक्षा नेहमीच जास्त राहिली. त्या काळी लग्ने लवकर होत, त्यामुळे पंचेचाळिशीत आजोबा होणारे होते. आज मुलाचे लग्न तिशीत होते आणि पहिले नातवंड येईपर्यंत आजोबा साठी ओलांडतात. आयुष्य वाढले, पण सुरुवात पुढे ढकलली गेली. तरीही पदवीधर झालेल्या नातीला पाहणारे आजोबा आज जितके आहेत तितके आपल्या इतिहासात कधी नव्हते.

या नात्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्याचे दार मधल्या पिढीच्या हातात असते. आजोबा स्वतःहून नातवंडापर्यंत क्वचितच पोचतात; त्यांना कोणीतरी पोचवते, आणि बहुतेक घरांत ती आजी असते. फोन तिने लावलेला असतो, खाऊ तिने बांधलेला असतो, आजोबांच्या हातात फोन देऊन "बोला, ती वाट बघतेय" असे तिनेच म्हटलेले असते. म्हणूनच आजी आधी गेली, की अनेक आजोबा बायकोबरोबर नातवंडांनाही हळूहळू गमावतात, आणि हे कोणी ठरवून केलेले नसते. अशा वेळी मुलाने किंवा सुनेने ते काम उचलून स्वतःकडे घ्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. व्हिडिओ कॉलवर चार वर्षांच्या मुलाला "बोल आजोबांशी" म्हटले की ते पळून जाते, आणि आजोबांना वाटते की त्याला आपली ओढ नाही. मुलाला समोरासमोर नुसते बोलता येत नाही, एवढेच त्यातून दिसते. त्याला तिसरी गोष्ट हवी असते. आमच्या घरी माझे वडील रोज सायंकाळी फोन गच्चीवर नेतात आणि माझ्या मुलीला परतणारे बगळे मोजायला लावतात. आकड्यावरून दोघांचे रोज भांडण होते. पावसाळ्यात बगळ्यांची जागा पंचगंगेची पातळी घेते.

नातवंडांच्या सहवासाने आजोबांचे काय होते, यावरही अभ्यास झाला आहे. बर्लिनमध्ये सत्तरीपुढच्या सुमारे ५०० जणांचा १९९० पासून पाठपुरावा करण्यात आला. अधूनमधून नातवंडांना सांभाळणाऱ्यांपैकी निम्मे जण पहिल्या मुलाखतीनंतर दहा वर्षांनीही हयात होते. जे अशी मदत करत नव्हते त्यांच्यापैकी निम्मे सुमारे पाच वर्षांतच वारले. मुळात धडधाकट असलेली माणसेच मुले सांभाळू शकतात, हा आक्षेप अभ्यासकांनी लक्षात घेऊन हिशेब केला, तरी फरक पूर्ण पुसला गेला नाही. त्यात "अधूनमधून" हा शब्द महत्त्वाचा आहे. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात सकाळी आठ ते रात्री आठ मूल आजोबांवर सोपवले, की जी जबाबदारी सुटल्यामुळे हे नाते मोकळे झाले होते तीच पुन्हा त्यांच्या गळ्यात पडते. मग औषधे, गृहपाठ, जेवणाच्या वेळा आणि रागावणे हे सगळे त्यांच्याकडे येते आणि ते पुन्हा बाप होतात, या वेळी गुडघे दुखत असताना.

शेवटी, बहुतेक मुलांनी जवळून पाहिलेला पहिला मृत्यू आजोबांचा असतो, आणि त्या दिवशी घरातले सगळे आपापल्या दुःखात असल्याने मुलाला काय सांगायचे याचा विचार कोणी केलेला नसतो. मृत माणूस परत येत नाही, त्याचे शरीर चालत नाही आणि हे सगळ्यांच्या बाबतीत घडते, या गोष्टी मुलाला साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू कळू लागतात. त्याआधी "आजोबा झोपलेत" म्हटले तर मूल स्वतः झोपायला घाबरते. "गावाला गेलेत" म्हटले तर ते न सांगता गेल्याचा राग धरते आणि वाट पाहते. आजोबा वारले, त्यांचे शरीर आता काम करत नाही, त्यांना आता दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत, असे साध्या शब्दांत सांगावे, आणि आपल्याला रडू येत असेल तर ते लपवू नये. चार दिवसांनी जेवताना मूल विचारेल, "आज्जा कधी येणार?" त्याला आधीचे उत्तर समजले नव्हते असे समजू नये, ते तीच गोष्ट पुन्हा ऐकत असते. पहिल्या दिवशी जे शब्द वापरले होते, तेच शब्द तितक्याच शांतपणे पुन्हा सांगावेत, आणि पुढच्या आठवड्यात ते परत विचारील तेव्हाही.